रडायचं नाही

सासूबाई : मरणाच्या दारातून परत आलेलं माणूस खोटं बोलत नाही, सिस्टर.

सिस्टर : कालच तुमची सून ‘गोळ्या घेतल्या’ म्हणाली. उशी झटकली तर सगळ्या खाली पडल्या.

सासूबाई : ते वेगळं. गोळ्यांच्या बाबतीत सगळेच खोटं बोलतात. मी पलीकडचं म्हणतेय. तिचं हृदय थांबलं होतं ना? थांबलं होतं. म्हणजे ती जाऊन आली. आणि जाऊन आलेल्याला दिसतं. तिला प्रकाश दिसला.

सिस्टर : ऑपरेशनचा दिवा असतो तो. परातीएवढा. मिटल्या डोळ्यांनाही दिसतो.

सासूबाई : तुमच्यापुढे काही पवित्र म्हणून बोलायची सोय नाही बाई.

सिस्टर : सामान भरलंत का, आजी? मुलगा गाडी आणायला गेलाय तुमचा. दारापाशी कुणी गाडी उभी करू देत नाही, हॉर्न वाजवून वाजवून वॉर्ड जागा करेल.

सासूबाई : आजी म्हणता अजून.

सिस्टर : चुकलं. या मजल्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली प्रत्येक बाई आजीच असते. तोंडाला सवय.

सासूबाई : राहू दे. म्हणणारं कुणी आलंच नाही, तुम्ही तरी म्हणा. बरं, इकडे या. जरा दारापासून बाजूला. ती आत कपडे बदलतेय तोवर एक सांगते. ती तुम्हाला आज विचारणार आहे.

सिस्टर : काय?

सासूबाई : बाळ रडलं होतं का म्हणून. तिनं ऐकलंय.

सिस्टर : कधी?

सासूबाई : तेव्हाच. ऑपरेशनच्या टेबलावर. मी तर सगळ्यांना फोनवर सांगूनही टाकलंय. आई चालली होती, लेकीनं हाक मारली, म्हणून आई फिरली.

सिस्टर : आणि लेक?

सासूबाई : लेकीचं काम झालं. ती गेली.

सिस्टर : हे तुम्ही रचलंत?

सासूबाई : रचलं कुठे, जुळलं. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. नाहीतर फोनवर नुसतं ‘अरेरे’, आणि पुढे बोलायला काही नाही. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा. एका अक्षराचं काम आहे.

सिस्टर : माझं काम बरंच आहे, आजी. त्यात हे बसत नाही.

सासूबाई : असं तोडून नका बोलू. तुम्हाला एक सांगते, आता घरात कुणाला ठाऊक नाही. माझा पहिला असाच गेला. मला दाखवलासुद्धा नाही. तेव्हा दाखवायची पद्धत नव्हती. ‘विसर, दुसरं होईल’ म्हणाले. दुसरं झालं, तेच आता गाडी आणायला गेलंय. पण विसरायचं कसं ते कुणी सांगितलं नाही. मग मी आपली धरून चालते, की एकदा तरी रडला असेल. एकदा. तेवढ्यावर माझी इतकी वर्षं निघाली. तिचीही निघतील.

सून : आई, दार उघडंच आहे.

सासूबाई : अगं बाई. केव्हापासून?

सून : परातीएवढ्या दिव्यापासून.

सिस्टर : घ्या. आत चला आता. आणि तू बस, उभी राहू नकोस, टाके आहेत. बसताना हात मागे टेकव. असं.

सून : आई, तुम्ही कधी बोलला नाहीत.

सासूबाई : कधी बोलणार? लग्नाच्या बैठकीत? चल, ते राहू दे. सिस्टरना काय विचारायचंय ते विचार, नाहीतर त्या पळतील. त्यांचे पाय बघ कसे दाराकडे.

सून : सिस्टर, मी ऐकलं. स्वप्न नव्हतं.

सिस्टर : नसेल. तुझं रक्त इतकं गेलं होतं की भूल जपून द्यावी लागली. जास्त दिली असती तर तू सोसली नसतीस. अशा वेळी कानावर काहीबाही पडतं. काय ऐकलंस?

सून : कुणीतरी ‘कात्री कुठे गेली’ म्हणालं.

सिस्टर : खरं आहे. रोज जाते.

सून : मग एक पुरुष म्हणाला, ‘माझा चष्मा पुसा.’

सिस्टर : मोठे डॉक्टर. पुढे?

सून : पुढे तुम्ही. तुमचा आवाज मला आता पाठ झालाय. तुम्ही म्हणालात, ‘झालं, झालं. रडायचं नाही.’

सिस्टर : …म्हणाले असेन.

सून : असेन?

सिस्टर : म्हणाले.

सून : आणि मग ती रडली. तुम्ही ‘नाही’ म्हटल्यावर रडली. अगदी बारीक. थांबली, पुन्हा रडली.

सासूबाई : सांगितलं त्याच्या उलट. आमच्याच घरातली.

सून : आई, थांबा ना जरा. सिस्टर, जी रडत नाही तिला कुणी ‘रडायचं नाही’ म्हणतं का?

सिस्टर : मी म्हणते.

सून : का?

सिस्टर : हातात टॉवेल आणि टॉवेलात बाळ आलं की माझं तोंड आपोआप सुरू होतं. डोकं पुसताना ‘डोळे मीट’. टोपी घालताना ‘कान झाकूया’. पाय पुसताना ‘लाथ नको मारूस’. मारणारं असो, नसो. गप्प राहून पुसायला गेलं की हात भांडी पुसल्यासारखे चालतात. बोललं की बाळ पुसल्यासारखे चालतात. म्हणून बोलते. यात दुसरं काही नाही.

सासूबाई : म्हणजे तुम्ही सगळ्यांशीच असं बोलता?

सिस्टर : सगळ्यांशी. दुःखात असलेल्यांशी कसं बोलावं याचं आम्हाला प्रशिक्षणही झालं, अर्धा दिवस, चहासकट. ‘निदान’ हा शब्द वापरू नका म्हणाले. निदान तू वाचलीस, निदान वय आहे, असं म्हणू नये. बाळाशी काय बोलावं ते नव्हतं त्यात.

सासूबाई : मी तर ‘निदान’शिवाय आठवडाभर काहीच बोलले नाही.

सून : हो. मोजायचं मी सोडून दिलं.

सासूबाई : मग आधी नाही का सांगायचं!

सून : सिस्टर, तुम्ही विषय बदलू नका. मला गोड बोलणं नकोय. आईंना वाटतं, ती रडली असं कळलं की मला बरं वाटेल. मला बरं कसं वाटेल? रडली म्हणजे जिवंत होती. जिवंत होती, आणि तुम्ही सगळे माझ्याकडे धावलात. तिला बाजूच्या टेबलावर ठेवून दिलंत आणि मला वाचवलंत. मला एवढंच कळायचंय. मी तिच्या वाटणीचं जगतेय का?

सासूबाई : अगं, असं कसलं उलटं डोकं चालवतेस! मला वाटलं…

सून : तुम्हाला वाटलं ते मला कळलं, आई. तुम्हाला त्यावर जगता आलं. मला नाही येणार.

सिस्टर : पाणी पी आधी. पी. आता ऐक, आणि मधे बोलू नका, आजी, तुम्हीही. तू आलीस तेव्हा पोटावर यंत्र लावलं. तिचे ठोके नव्हते. मी शोधले, नव्हते. मग डॉक्टरांनी शोधले. मग मोठ्या डॉक्टरांनी शोधले, कारण आपल्याखेरीज कुणाला सापडणार नाही असं त्यांना नेहमीच वाटतं. त्यांनाही सापडले नाहीत. वार गर्भपिशवीपासून आतल्या आत सुटली होती. घरीच, कधीतरी. रक्त आत साठत गेलं आणि तिचा श्वास तुटला. तू दारातून आत यायच्या आधी ती गेली होती.

सून : नक्की?

सिस्टर : बाहेर काढल्यावरही आम्ही तपासली. तिच्यासाठी वेगळे डॉक्टर उभे होते, त्यांनी हात लावला, वाट पाहिली, पुन्हा पाहिलं. तुझ्याकडचं कुणी तिच्यासाठी हललं नाही, आणि तिला तपासून होईपर्यंत तिच्याकडचं कुणी तुझ्यासाठी हललं नाही. तुला वाटतंय आम्ही दोघींतून एक निवडली. निवडायची वेळच आली नाही. एकच उरली होती.

सून : मग रडलं कोण?

सिस्टर : ते मला माहीत नाही.

सासूबाई : बघा! यांनाही माहीत नाही.

सिस्टर : माहीत नाही ते माहीत नाही म्हणते. दुसरं ऑपरेशन तेव्हा नव्हतं. शेजारच्या खोलीत कुणी बाळंत झालं नव्हतं. शिकाऊ डॉक्टर मुलगी रडली, पण ती नंतर, जिन्यात. आणि तिचा आवाज भसाडा आहे.

सून : मग झालं ना. तुम्ही सांगता ते पुस्तकातलं सगळं बरोबर असेल. पण मी ऐकलं ते ऐकलंच. रात्री डोळा लागला की तेच. तुम्ही म्हणता रडायचं नाही, आणि ती रडते, आणि कुणी तिच्याकडे बघत नाही.

सिस्टर : मी बघत होते.

सून : तुम्ही म्हणता.

सासूबाई : पोरी, चल आता. घरी गेल्यावर…

(बाहेरच्या व्हरांड्यातून एक बारीक, चिरका आवाज येतो. थांबतो. पुन्हा येतो.)

सून : हा. हाच.

सासूबाई : कुणाचं तरी लेकरू रडतंय गं. दार लोटू का? तुला त्रास नको.

सून : लोटू नका. हाच आवाज, सिस्टर. अगदी हाच.

सिस्टर : थांब, बघते. …बाळ आहे. पण झोपलंय, तोंडात मूठ घालून. ए, ढकल बघू ती ट्रॉली पुन्हा. हं. जरा मागे घे. हं. जा आता, शेवटच्या खोलीत जायचंय ना, जा.

सासूबाई : काय झालं?

सिस्टर : बेबी ट्रॉली. पुढचं डावं चाक.

सून : चाक?

सिस्टर : बाळाला ठेवून नेतात ती काचेच्या पाळण्याची गाडी. तुझ्या पोरीला मी तिच्यातूनच बाहेर नेली. दाराशी पट्टी आहे, तिथे थांबावं लागतं, जरा उचलून पलीकडे घ्यावी लागते. मग पुन्हा चालते.

सून : थांबली. पुन्हा रडली.

सिस्टर : हो. असंच ना?

सून : असंच.

सासूबाई : मी सगळ्यांना फोनवर सांगितलं, पोरीनं हाक मारली म्हणून.

सिस्टर : मारलीच कुणीतरी. चाकानं.

सून : मग तुम्ही तिला घेऊन कुठे गेलात?

सिस्टर : नीट नेऊन कपडे घालणार होते. तेवढ्यात आतून ओरडले, तुझं हृदय थांबलं. मला परत धावावं लागलं. ट्रॉली भिंतीशी लावली.

सून : ती एकटी होती?

सिस्टर : होती. थोडा वेळ. तुला खरं हवं होतं ना.

सून : तिला काही बोललात? तुम्ही सगळ्यांशी बोलता.

सिस्टर : …बोलले.

सून : काय?

सिस्टर : काही नाही. नेहमीचंच. म्हटलं, थांब हं इथे, आई जरा कामात आहे.

सासूबाई : अगं, हात दे माझ्याकडे. इकडे. रड. आता कुणी नको म्हणत नाही. निदान… नाही, काही नाही. रड.

सिस्टर : टाक्यांवर उशी धर, म्हणजे ओढ बसत नाही. हसतानाही अशीच धरायची.

सून : नाक… नाक माझं होतं ना तिचं? मला दाखवली तेव्हा वाटलं.

सासूबाई : नाक आमच्याकडचं.

सिस्टर : नाक टॉवेलानं लाल झालेलं होतं. नीट सांगता येणार नाही. बोटं मात्र लांब होती, तुझ्यासारखी.

सासूबाई : घ्या. बोटं तुझी, नाक आमचं.

सून : आई.

सासूबाई : काय गं?

सून : तुमचा पहिला. त्याला कसा नेला होता?

सासूबाई : कसा म्हणजे? माझ्या वेळी कुठल्या आल्या ट्रॉल्या. एक मावशी होती, ती हातावर घेऊन गेली. पदराखाली. मला पाठच दिसली तिची.

सून : चाक नव्हतं.

सासूबाई : चाक कुठलं. अनवाणी चालायची ती.

सून : मग तुम्ही ऐकलं ते दुसरं असेल.

सासूबाई : मी ऐकलं असं कुठे म्हणाले? धरून चालते म्हणाले.

सून : धरा मग. चाक नव्हतं तर रडला असेल.

सासूबाई : असेल, ना?

सून : असेल.

सासूबाई : सिस्टर?

सिस्टर : मी तिथे नव्हते, आजी.

सासूबाई : बरोबर. तुम्ही नव्हता. …हॉर्न वाजवतोय बघ. सिस्टर म्हणाल्याच होत्या. याला जरा धीर नाही. ऊठ, हळू. पिशवी मी घेते. उशी राहू दे गं, त्यांची आहे.

सिस्टर : घेऊन जा. गाडीतही पोटाशी धरायला लागेल. परत नंतर आणून द्या.

सून : सिस्टर, एक सांगू? त्या चाकाला तेल घाला. दुसऱ्या कुणाला ऐकू यायला नको.

सिस्टर : घालतो आम्ही अधूनमधून. उपयोग नाही. चाकच वाकडं आहे.