अपेक्षाचं पाऊल

"हॅलो?... हां, मीच. थांब, जिन्यात येतो. इथं समदे फोनवरच बोलायलेत..."

सरकारी दवाखान्याच्या जिन्यात काकासाहेब भिंतीला टेकले. वैजापूरहून साळूबाई बोलायला लागली की फोन कानापासून वीतभर लांब धरायचा, हा त्यांचा लग्नानंतरचा एकमेव शोध.

"व्हय, दाखवलं... हो, हो... अगं ऐक ना. आधी ऐकून घे."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. नातीच्या, अपेक्षाच्या, उजव्या पायात नडगीचं हाड जन्मापासून नाहीच. लांबच्या मोठ्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा ऑपरेशनं केली, तरी पाय भार घेईल याची खात्री नाही. पाय गुडघ्यातून काढला, तर मात्र कृत्रिम पाय बसेल आणि पोर चालायच्या वयातच चालायला लागेल.

"...साळू?... हां, हाय मी."

"...नाय, मालिशनं व्हत नाय. जन्मल्यापासून तेल लावून फडक्यात गुंडाळलास तू तिचा पाय. हाड काय मूग हाय का, बांधून ठेवलं की मोड यायला?... नाय गं, हसत नाय मी. हसंन कसा?"

"...ती पोटुशी असताना लागलेल्या गिराणाचं नाव काढू नको. रूपालीनं इळीला हात लावला नव्हता, अन् लावला असता तरी असं घडत नाय. बाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं, तुझ्यानं काहीच झालं नाय. तवा कुठं पोटभर रडली सून..."

"किस्ना? आत बसलाय. सही करीना. आई हो म्हनल्याबिगर नाय म्हनतो... म्हनलं की त्याला, मी बाप हाय तुझा. ते खरं हाय म्हनला, पण आईला विचारा."

पलीकडून शेळी ओरडली, त्यात साळूबाईचं बोलणं बुडालं.

"काय?... परत सांग."

काढलेल्या पायाचं काय करतात, असं साळूबाई विचारत होती. तान्हं लेकरू गेलं तर आपल्यात जाळत नाहीत, मातीत ठेवतात. मग लेकराचं पाऊलही कुणी कुठंतरी टाकून देता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"कोन विचारतं असलं?... बरं बरं, इचारतो. ठेवू नको."

काकासाहेबांनी आत जाऊन विचारलं. डॉक्टरीणबाईंनी आधी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, लिहून मागितलं तर देता येतं. काकासाहेब फोन घट्ट धरून परत जिन्यात आले.

"हॅलो? देतात... व्हय, आपल्याच हातात... कुठं? परसात?... हां. जन्मल्यावर तिची वार पुरली तिथंच. शेवग्याखाली..."

"...मग किस्नाला काय सांगू?"

"...सही कर म्हनावं? सांगतो तसं."

"बरं. खड्डा मी आल्यावर खणतो. तू कंबरंचं दुखणं घेऊन नको... नाय?... बरं, तूच खण. खोल खण, साळू. कुत्री हायेत... हॅलो?"

साळूबाईनं फोन ठेवला होता. काकासाहेबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि लेकाला पेन द्यायला आत गेले.