नारळ वाहायला समुद्र नव्हता तिथं

आम्ही देवगडचे गाबीत, मासेमारी करणारे, दार उघडलं की समोर समुद्र, आणि काय सांगू तुम्हाला, समुद्रच नसलेला देश असतो हे मला नोकरीला लागेपर्यंत खरं वाटत नव्हतं. इथं दुबईजवळ रास अल खैमाला दगडाच्या खाणीत मी बोअरचं मशीन चालवतो. मध्ये कंपनीनं मंगोलियाला पाठवलं, तांब्याच्या खाणीसाठी पाण्याचे बोअर मारायला. मला जायचं होतं घरी, पण सुपरवायझर म्हणाला, यल्ला, चल, पगार जास्त आहे, घर कुठं पळून जातंय. गेलो.

केवढा देश हो तो! एका अंगाला रशिया, बाकी सगळा चीन. जमिनीखाली तांबं, कोळसा, सोनं, आणि वर नुसतं गवत नि वारा, दिवसभर गाडी चालवा, एखादा तंबू नि मेंढरं दिसली तर दिसली. थंडीत डिझेल थिजायचं. पण थंडीचं काही नाही हो, वाऱ्याला खारट वास नाही याचंच वाटायचं. मी उगाच नाक वर करून उभा राहायचो आणि आमचा ड्रायव्हर बातार हसायचा.

नारळी पौर्णिमा आली. मागच्या सुट्टीत घरून आणलेला नारळ बॅगेत होता. बातारला म्हटलं, हबीबी, मला पाण्यापाशी ने. सुट्टीच्या दिवशी त्यानं लांब एका नदीवर नेलं. पाणी घोट्याएवढं, पण म्हटलं नदी शेवटी समुद्रालाच मिळणार, पोचेल. हात जोडले नि नारळ सोडला. तोच एक म्हातारा मेंढपाळ ओरडत आला, बुटांसकट पाण्यात शिरला आणि नारळ बाहेर काढला. बातार म्हणाला, इथं नदीत काही टाकत नाहीत, हातसुद्धा पाणी भांड्यात घेऊन लांब जाऊन धुतात. आणि ही समुद्राला नाही मिळत, एका तळ्याला मिळायची, आता वर सोन्याच्या खाणी झाल्या, तळ्यापर्यंतही जात नाही, वाळूतच खलास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, बाबा, आमच्याकडं समुद्राला देव मानून देतात हा. बातारनं सांगितलं तसा म्हातारा निवळला. त्यानं नारळ त्यांच्या देवाच्या दगडांच्या राशीवर ठेवला, मला तंबूत नेऊन मिठाचा चहा पाजला, आणि विचारलं, तुझ्या समुद्रापलीकडं काय आहे? म्हटलं, माझी नोकरी. तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मला मात्र घर आठवलं.

आता इथं परत येऊनही बरीच वर्षं झाली. सुट्टीला समुद्रावर जाऊन बसतो, हेच पाणी पुढं आपल्याकडं जातं म्हणतात, ते जातं, मी जात नाही. आणि आता आमचा प्रसाद, माझा मुलगा. गावी मासळी राहिली नाही, बोअरचं काम शिकला, त्याच कंपनीनं त्याला मंगोलियासाठी घेतलं. मी नको कुठल्या तोंडानं म्हणू? प्रसादचं कळल्यावर बायको फोनवर म्हणाली, झील जाता तर तुमी घराक येवा, एक माणूस तरी घरात होयो. इतकी वर्षं ये म्हणाली नव्हती हो ती. दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला.

म्हणजे मी घरी चाललो तो असा, पोराच्या जाण्यावर. तिकिटं एकाच दिवसाची निघालीत, मुंबईला विमानतळावर मी उतरणार नि तो चढणार. तासभर मिळेल, इन्शाल्ला. जेवून निघू नको म्हणून सांगितलंय त्याला, बाहेरच कुठंतरी दोघं बसून खाऊ. सुखी राहो बिचारा.