ठेकेदाराची खुर्ची

बायको म्हणते, मी फार संशयी आहे. म्हणू दे. कोन गावाला घर बांधत होतो तेव्हाची गोष्ट. ओटीचा दरवाजा आठ फूट रुंद, आणि त्यावरचं काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे वरची भिंत पेलणारी आडवी तुळई, ठेकेदाराने टाकलं बाथरूमच्या खिडकीवर असतं तेवढंच जाड.

"अहो, एवढं पुरेल?"

"साहेब, टेन्शन नाय. वर हत्ती चढवा."

हत्ती म्हणाला तिथेच मला शंका आली. लिंटेलवर विटा चढल्या त्या दिवशी चहा आला, तेव्हा मी त्याची खुर्ची मुद्दाम त्या दरवाजात मांडली.

"बसा, इथे सावली आहे."

त्याने हळूच वर बघितलं, खुर्ची उचलली आणि भर उन्हात नेऊन ठेवली.

"मला उनातच बरं वाटतं."

म्हटलं, "मग चहा प्या, आणि लिंटेल तोडायला घ्या."