कोंड्या, इकडं बस!

शहापूरच्या दवाखान्याबाहेर मिताली परीक्षेचं पुस्तक वाचत बसली होती. त्यातल्या गोष्टीत जुन्या जपानी राजवाड्यात राणीच्या अंगात भूत आलं होतं आणि राजा घाबरून ऐकत होता. तेवढ्यात शेजारी काशी आणि सरस्वती बोलू लागल्या, नि मितालीचं पान काही उलटेना.

"काल माज्या अंगात सासू आली गो," काशी म्हणाली.

"गेल्या साली वारली ती? काय बोलली?"

"म्हणाली, कोंड्या, इकडं बस!"

"अगो, नवऱ्याला कोंड्या म्हणलीस?"

"मी कशाला म्हणीन? आई लेकाला म्हणाली."

"मग?"

"म्हणाली, नातीला कल्याणच्या कॉलेजात घाल. ते तर माज्या पायाच पडले. आज तिचा लोकलचा पास काढाया आसनगाव टेशनावर गेलेत."

"पण तुजी सासू पोरींना पाटीसुद्धा धरू देत नव्हती!"

"मेल्यावर अक्कल आली तिला."

सरस्वती काशीच्या जवळ सरकली.

"माज्या पोरीचं कॉलेज पण अडलंय गो. पण माजी सासू अजून ठणठणीत हाय."

"सासरा गेला ना? मग त्याला आण. तो आला का सासूपण गप बसंल."