एक्केचाळिसाव्या पानावरचं कोडं

नाही नाही, ताई, बांधून देतो की — नाही कुठं म्हणालो मी? पुस्तक हातात घेऊन जरा थांबलो, एवढंच. शिवण सुटलीय, पुठ्ठा मोडलाय… मुलीनं फार वाचलेलं दिसतंय. कोडी घालून घालून शेजारपाजार हैराण केला असेल! यातलं पहिलंच घ्या — येणारा-जाणारा प्रत्येक जण माझा हात धरतो, पण आत कुणी नेत नाही. कोण? — दाराची मूठ! ते मी केलंय. हो, मीच. याच टेबलावर, खळ ढवळता ढवळता. वर नाव दुसऱ्याचं आहे, दिसतंय मला. पुस्तकं बांधणाऱ्याला वाचताही येतं, ताई.

तो आमचा मास्तर — गणिताचा. शाळा सुटली की गुरुवार सोडून रोज इथं, तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर. अठरा वर्षं! चहा, आणि चहाबरोबर कोडी — एक त्यानं घालायचं, एक मी. तो वहीत उतरवून घ्यायचा. म्हणायचा, "अरे, हवेत विरून जातात, जपायला नकोत?" मला काय, बरंच वाटायचं. ती वही खिळखिळी झाली तेव्हा बांधून कुणी दिली? मीच. कापडी पाठ लावून! मग पुस्तक निघालं, प्रत घेऊन आला, हसत हसत. मी उलटसुलट करून पाहिलं — माझं नाव शेवटच्या पानावरसुद्धा नाही. म्हटलं, मास्तर, हे काय? तर म्हणाला, "कोडी काय कुणाच्या मालकीची असतात होय?" — गिळलं मी ते. खरंच गिळलं. दुसऱ्या दिवशी चहाही पाजला त्याला.

पण एक्केचाळिसावं पान काढा. नको, मीच सांगतो, पाठ आहे मला — दोघांच्या घरात जन्मला, दोघांनी मिळून पोसला, जो आधी तोंड उघडेल त्याच्या हातून मेला. अबोला. हे कोडं मी दुकानात कधी घातलंच नाही, ताई. लग्नाला सहा महिने झाले होते, आमचं वाजलं — कशावरून ते आता आठवतही नाही — पाच दिवस ती त्या खोलीत, मी या खोलीत. सहाव्या दिवशी चिठ्ठी लिहिली आणि साखरेच्या डब्यात ठेवली. तिनं वाचली, आणि आतून ओरडलीच, "अबोला!" — बोलून बसली ना आधी! इतकं हसलो दोघं, इतकं हसलो… जगात दोन माणसांना ठाऊक होतं ते. मी मास्तरला सांगितलं नाही. मग कुणी सांगितलं? हे काय कोडं झालं? शेंबडं पोर सोडवेल.

दर गुरुवारी मी बांधलेली पुस्तकं ग्रंथालयात पोचवायला जातो. आणि मास्तर गुरुवारी आमच्या घरी, मुलीच्या शिकवणीला. मुलगी बाहेरगावी शिकायला गेली त्याला चार वर्षं झाली — गुरुवार चालूच! मला काय पत्ता? नाही हो, तसं तोंड करू नका. तसलं काही नव्हतं, ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नाही. कोडी घालत बसायचे. नुसती कोडी! तसलं काही असतं तर निदान मला — जाऊ दे.

विचारलं तर. कसा नाही विचारणार? ते पान उघडून समोर ठेवलं तिच्या. वाटलं, रडेल, चुकलं म्हणेल. ती भाजी चिरत होती, सुरीसुद्धा थांबली नाही. म्हणाली, "ते कोडं घालतात आणि गप्प बसतात. मी विचार करते, चुकते, तरी थांबतात. तुम्ही कोडं घालता आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तर सांगून मोकळे होता. पंचवीस वर्षांत एकच सोडवू दिलंत मला. तेच दिलं मी त्यांना. ते माझं होतं."

माझं होतं! ऐकलंत? कोडं मी रचलं, चिठ्ठी मी लिहिली, आणि म्हणे माझं होतं! तुम्हीच सांगा, ताई, तिचं काय होतं त्यात? — नको. राहू द्या. काही बोलू नका. मंगळवारी या, पुस्तक तयार असेल.