एकही नवी तक्रार नाही

सुरक्षेचा सल्ला मला विचारू नका, मी एकदा स्वतःलाच दाराबाहेर ठेवलंय.

आमच्या दूध संघाचं ॲप क्लाउडवर चालतं. गावोगावच्या फोनांना आत घेऊन वेगवेगळ्या सर्व्हरकडे वाटून देणारा तिथला दारवान म्हणजे लोड बॅलन्सर. त्याला मी एन्क्रिप्शनची कडक पॉलिसी लावली: जुनं, कच्चं कुलूप वापरणारा फोन आत घ्यायचा नाही. सकाळी ॲपमध्ये बघितलं, एकही नवी तक्रार नाही. खुशीत चहा सांगितला.

तेवढ्यात कागलकडच्या दूध संस्थेचे सचिव सर्जेराव आले. "साहेब, ॲप उघडंना. नोंदीबिगर टँकरवाला दूध घेईना. नासतंय की सगळं!"

"मग तक्रार का नाही टाकली?"

"ती ॲपातच टाकायची न्हवं? उघडाय नको?"

"बाकी कुणाचीच नाही हो," म्हणून मी माझा फोन पुढं केला. त्यांनी रिफ्रेश केलं. गोल नुसतं फिरत राहिलं; सकाळी मी बघितली ती आदल्या दिवसापासून उघडी राहिलेली जुनीच यादी होती.

"साहेब, ह्यो तर माझ्या फोनापेक्षा म्हातारा हाय. तुमीबी भाईरच की!"

मी गुपचूप जुनी पॉलिसी परत लावली. दोघांचंही ॲप उघडलं.

"पण सर्जेराव, हे थोडेच दिवस. सगळ्यांना नवे फोन घ्यावे लागतील."

"घेतो की. तुमी कवा घेताय?"

त्यांनी हातातला माझा फोन उलटा केला. कव्हरवर मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. बायको गेल्यापासून तिचा फोन मीच वापरतो.

फोन परत देत ते म्हणाले, "आमास्नी खुशाल अडवा साहेब. वहिनींस्नी तेवढं आत घेत जावा."