पासंग

मामा : वीस? माझ्या एका फुलीचे वीस?

भाची : हो मामा, वीस. आणि तो हातोडा आधी खाली ठेव.

मामा : हातोडा राहू दे हातात. मी कागदावर एक फुली मारली. एक! तिची वीस माणसं कुठून झाली? मला काय वीस तोंडं आहेत?

भाची : ऐकून तरी घे. व्यापारी संघाने आमच्या कंपनीकरवी विचारलं काय होतं? मागची ही गल्ली आहे तशी ठेवायची, का गाळे हलवून इथे गाड्या उभ्या करायची जागा करायची. बरोबर?

मामा : बरोबर. मी ‘हलवा’वर फुली मारली. खरं तेच सांगितलं, चोरी नाही केली. गुडघे बोलतात माझे आता. आणि तराजू आणतं कोण दुरुस्तीला? जिकडे तिकडे ती आकडे चमकणारी डबडी. मला हे शटर आज पाडलं काय नि उद्या पाडलं काय.

भाची : तुझं खरंय. त्याबद्दल मी एक शब्द काढलाय का?

मामा : मग हे वीस कसले काढलेस?

भाची : समोर रस्त्यावर मोठी दुकानं बारा. बाराही जणांनी कागद भरून दिले. इकडे गल्लीत गाळे साठ. भरून दिलेले किती?

मामा : मी दिला. कुलूपवाल्याला तर मीच धरून बसवला. आणि तो आपला...

भाची : घड्याळवाला. संपली यादी. बाकी सगळे मिठाची गुळणी धरून बसले. साठातले तीन बोलले, मामा. मग त्या तिघांच्या तोंडूनच मला साठांचं ऐकायला लागणार. एकेकाच्या वाट्याला वीस गाळे.

मामा : आणि समोरच्यांच्या?

भाची : ते सगळेच बोलले. त्यांच्या एकाचा एकच.

मामा : म्हणजे तो चार मजली चपलांच्या दुकानाचा मालक एक, आणि मी वीस?

भाची : हसतोस काय?

मामा : हसू नको तर काय करू! आयुष्य गेलं लोकांची वजनं नीट करण्यात, आज पहिल्यांदा माझ्याच शब्दाला वजन आलं. त्या चपलावाल्याला सांगितलंय का कुणी? मी जातो सांगायला... थांब. थांब गं. म्हणजे मी ‘हलवा’ म्हटलं, ते वीस गाळ्यांनी म्हटल्यासारखं?

भाची : पडला उजेड.

मामा : पूस ती फुली.

भाची : नाही.

मामा : पूस म्हणतो ना! मी माझ्यापुरतं बोललो होतो. माझ्या एका फुलीने शेजारची छत्रीवाली उठणार? तो पिशव्यांना चेन लावणारा उठणार? आण तो कागद इकडे, ‘ठेवा’वर मारतो एक ठसठशीत.

भाची : तुला जायचंय ना इथून?

मामा : जायचंय.

भाची : मग ‘ठेवा’ लिहिलंस तर ते खोटं. आणि खोटंही साधं नाही, वीसपट. ते मी घेणार नाही.

मामा : तुझी आई माझी सख्खी बहीण, तीही अशीच. भिंतीला डोकं आपटेल, पण वळणार नाही. बरं, मग गुणू नकोस. पंधरा कागद आले, पंधरा मोज आणि मोकळी हो.

भाची : मोजून बघितले. तेरा ‘हलवा’, दोन ‘ठेवा’. गेली गल्ली. का? तर समोरचे सगळे बोलले आणि इकडचे गप्प बसले. बोलणारा तो बाजार, गप्प बसलेला तो कचरा, असं होतं त्याने.

मामा : आणि तुझ्या त्या गुणाकाराने?

भाची : बत्तीस ‘हलवा’, चाळीस ‘ठेवा’.

मामा : हात्तिच्या! म्हणजे त्या दोघांनी ‘ठेवा’ लिहिलंय.

भाची : मी कुणाचं काही सांगितलेलं नाही.

मामा : तू नाही सांगितलंस, पण मला बेरीज येते. मग वाचली की गल्ली! आणि तू तोंड पाडून बसलीस ती?

भाची : वाचली कुठे? बरोबर मोजायला गेले तर आणखी डुगडुगायला लागलं. समज, त्या दोघांतला एकजण त्या दिवशी घरून भांडून आला असता, आणि रागाच्या भरात दुसरीकडे फुली मारली असती?

मामा : घड्याळवाला तर रोजच भांडून येतो.

भाची : बघ, एवढ्याने वीस गाळे इकडचे तिकडे. न गुणावं तर दांडी समोरच्यांकडे कलते. गुणावं तर एका माणसाच्या शिंकेने सगळं हलतं. साठांचं ओझं तिघांच्या डोक्यावर, त्यावर उभी राहून मी छातीठोक कशी सांगू, की गल्लीला राहायचंय?

मामा : मला तर हे गुणणंच पटत नाही. आमच्या धंद्यात याला काटा मारणं म्हणतात.

भाची : काटा मारणं वेगळं आणि पासंग वेगळा. लहानपणी तूच मला पारड्यात बसवून शिकवलंस. तराजू रिकामा आहे, कशातच काही नाही, तरी एका बाजूला कलतोय. तू काय करतोस?

मामा : कप्पाळ! वर राहिलेल्या पारड्याला पासंग बांधतो. लोखंडाचा तुकडा, शिशाची गोळी, जे बसेल ते. दांडी सरळ झाली की मग माल.

भाची : तेच केलंय मी.

मामा : तेच नाही केलंस! पासंग बांधायचा रिकाम्या तराजूला. माल पारड्यात पडल्यावर कुणी पासंगाला हात लावला तर लोक जोड्याने मारतात. तू लोकांची उत्तरं वाचलीस आणि मग वीस धरलेस.

भाची : वाचली नव्हती. पाकिटं फोडलीच नव्हती तेव्हा. वर ‘गल्ली’ का ‘रस्ता’ एवढाच शिक्का होता. गल्लीची तीन, रस्त्याची बारा, एवढं बघून आकडा ठरवला, लिहिला, संघाच्या चिटणिसांची त्याखाली सही घेतली. मग पाकिटं फोडली. त्यात तुझं अक्षर निघालं.

मामा : फुलीला काय अक्षर असतं?

भाची : तू खाली लिहिलंस ना, ‘गुडघे गेले’ म्हणून! असं कोण लिहितं असल्या कागदावर?

मामा : कारण लिहा म्हटलं होतं, लिहिलं.

(चिटणीस शटरखालून वाकून आत येतात.)

चिटणीस : वा, मामा-भाचीची खलबतं चाललीत! मॅडम, मी तुम्हाला सगळीकडे शोधतोय. संध्याकाळी सभा आहे, अहवाल कुठाय?

भाची : तयार नाही.

चिटणीस : तयार नाही कसा? आकडे तर काल आले. मी पाहिले. एक छोटीशी सुधारणा करायचीय, ती केलीत की छापायला टाकू.

मामा : बसा, चिटणीस. ते स्टूल नको, मोडकंय.

चिटणीस : नको, उभाच बरा. मॅडम, ते वीस-वीसचं प्रकरण काढून टाका. लोकांना कळत नाही. पंधरा जणांनी उत्तरं दिली, तेरा एका बाजूला. शेंबड्या पोरालाही समजेल.

भाची : समजेल, पण चुकीचं समजेल.

चिटणीस : बरं, वजनच लावायचंय ना? मग उलाढालीप्रमाणे लावा. ज्याची विक्री मोठी त्याचं वजन मोठं. हेही शास्त्रशुद्धच आहे, मी माझ्या मेहुण्याला विचारलं.

भाची : तुमचे मेहुणे बरोबर बोलले. बाजारात विक्री किती होते असं तुम्ही विचारलं असतंत, तर मी तसंच वजन लावलं असतं. एका मोठ्या दुकानापुढे पन्नास गाळे फिके पडले असते, आणि ते बरोबरच झालं असतं. पण तुम्ही विचारलंत, कुणाला राहायचंय. राहायला विक्री लागत नाही. चार मजल्यांचं दुकानही एक आणि मामाचा हा गाळाही एक.

चिटणीस : हे तुमचं मत झालं.

भाची : नाही, ही तुमची सही झाली. पाकिटं फोडायच्या आधी, याच कागदावर. बघा, ‘प्रत्येक व्यवसाय एक धरावा.’

चिटणीस : तेव्हा परिस्थिती वेगळी होती.

भाची : तेव्हा उत्तरं दिसत नव्हती, एवढाच फरक.

मामा : अहो चिटणीस, माल पारड्यात पडल्यावर पासंगाला हात घालताय?

चिटणीस : काटेवाले, तुम्ही कशाला मध्ये पडता? तुम्ही तर आमच्याच बाजूचे. तुम्हीच म्हणत फिरता ना, मला जायचंय म्हणून?

मामा : जायचंयच मला. माझ्या पायांनी जाणार. तुमच्या गाड्यांसाठी साठ जणांना खांद्यावर घेऊन नाही जाणार.

चिटणीस : वा! म्हणजे तुमचं मतही आम्हाला, आणि शिव्याही आम्हालाच.

मामा : दोन्ही मनापासून.

चिटणीस : मॅडम, मी गोडीत सांगून पाहिलं. हे काम आम्ही तुमच्या कंपनीला दिलंय. तुमच्या वरच्यांना एक फोन केला की संपलं.

भाची : करा.

चिटणीस : नोकरी जाईल.

भाची : जाईलही. नंबर आहे ना तुमच्याकडे? का देऊ?

चिटणीस : तुमच्या जागी दुसरं कुणीतरी अर्ध्या तासात करून देईल.

भाची : देईल की. फक्त त्याखाली माझं नाव नसेल. आणि सभेत मी मागच्या बाकावर बसलेली असेन. तुम्ही ‘बाजार म्हणतो हलवा’ म्हणालात की उठून विचारीन, त्यात गल्लीतले कितीजण? एवढंच विचारीन, दुसरं काही नाही.

चिटणीस : आणि तुमचा अहवाल काय म्हणणार आहे? ‘गल्ली म्हणते ठेवा’? तोही तिघांच्याच जिवावर ना?

भाची : हो. म्हणून तसंही लिहिणार नाही.

चिटणीस : मग लिहिणार काय?

भाची : की समोरच्यांचं कळलं, गल्लीचं अजून कळलं नाही. आणि कळल्याशिवाय कुणाच्या शटरला हात लावू नये.

चिटणीस : असल्या अहवालाला कुणी पैसे देत नाही, ताई.

भाची : म्हणूनच असले अहवाल कमी असतात, साहेब.

चिटणीस : सभा ठरल्या वेळी होणार. तुम्ही या, नका येऊ. काटेवाले, येतो.

मामा : वाकून जा, डोकं आपटेल... आपटलं. गेला. काय गं, खरंच जाईल नोकरी?

भाची : माहीत नाही.

मामा : आणि तरी फोन करा म्हणालीस त्याला.

भाची : म्हणाले खरी. जास्त बोलले का मी?

मामा : नाही. तोंड तुझ्या आजीचं घेतलंयस. बरं, आता रडत बसायचं का काही इलाज आहे याच्यावर?

भाची : एकच इलाज. तुझं वजन उतरवायचं.

मामा : ते डॉक्टरही म्हणतो.

भाची : मामा! गल्लीत आणखी जितके बोलतील, तितकं तुझ्या डोक्यावरचं ओझं हलकं होईल. तीसजण बोलले तर तू दोघांपुरता. साठही बोलले तर एकटा, तुझ्यापुरता. मग मार ‘हलवा’वर फुली, कुणाचं काही बिघडत नाही.

मामा : मग संध्याकाळपर्यंत बसून राहणार आहेस का? ऊठ! अगं पण ते लिहून देत नाहीत. मी सांगून थकलो.

भाची : काय सांगितलंस?

मामा : ‘भरा रे मूर्खांनो’, असं.

भाची : या वेळी असं नको. आणि काय लिहायचं तेही सांगू नकोस. ‘ठेवा’ही नाही, ‘हलवा’ही नाही. नुसतं बोला म्हणायचं.

मामा : या गल्लीत मला तोंड आवरायला सांगणारी तू पहिलीच. चल. धर हात, हा गुडघा उठताना रुसतो. ए छत्रीवाले! ठेव ती काडी खाली, बाहेर ये.

छत्रीवाली : काय आग लागली का? ओरडायला काय झालं?

मामा : संघाचा तो कागद कुठाय तुझा?

छत्रीवाली : हा काय, खिळे ठेवलेत त्यात. चांगला जाड कागद आहे.

भाची : मावशी, तुम्ही भरला नाहीत तो.

छत्रीवाली : नाही भरणार. कागदावर काही लिहून दिलं की महिन्याने कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. आजवर हेच बघितलंय मी. आपण गप्प, तर जग गप्प.

भाची : जग गप्प नसतं, मावशी. तुम्ही नाही बोललात, की तुमच्या वतीने मामा बोलतो.

छत्रीवाली : हा? हा काटेवाला माझ्या वतीने बोलणार? याला स्वतःच्या चष्म्याची दांडी सापडत नाही! आणि काय बोललाय हा?

भाची : ते मी सांगायचं नसतं. मामा, तूही...

मामा : ‘हलवा’ म्हटलं मी.

भाची : मामा!

मामा : ती विचारतेय. तोंडावर खोटं नाही बोलणार.

छत्रीवाली : ‘हलवा’ म्हणालास? इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलास, माझ्या डब्यातलं खाल्लंस, आणि ‘हलवा’?

मामा : खाल्लं. आणि म्हटलंही. बदलणार नाही, मला थकवा आलाय या गाळ्याचा. पण माझा थकवा तुझ्या नावावर चढलाय, ते मला आज कळलं. म्हणून आलो.

छत्रीवाली : मेल्या, सरळ सांगायचं नाही का, थकलोय म्हणून?

मामा : कुणी विचारलं तर सांगणार ना.

भाची : मावशी, यात नाव नाही, सही नाही. कुठेही फुली मारा. मी बघणारही नाही, पाकिटात घालून द्या.

छत्रीवाली : हं. पोरी, हे खिळे धर ओंजळीत. आणि याला तिकडे तोंड करून उभा कर. मला जरा विचार करून लिहायचंय.